लवकर आलेला नंबर

परवा रविवारी सकाळी कल्याणला एका सोसायटीच्या गेटवर ही गर्दी... मध्ये एक लालभडक, जमिनीला चिकटलेली स्पोर्ट्स कार आणि तिच्यापुढे आपल्याकडचा तो डोंगराएवढा स्पीडब्रेकर. वॉचमन गुडघ्यावर बसून गाडीच्या पोटाखाली बघत ओरडतोय, "अजून तिरकी घ्या साहेब, अजून थोडी तिरकी..."

मी तिथे काय करत होते, ते सांगते.

मी फिजिओथेरपिस्ट, राहायला डोंबिवलीत. त्या सोसायटीतले साळवे काका माझे पेशंट. शीळफाट्याला त्यांचा क्रेन भाड्याने द्यायचा धंदा आहे. चाळीत वाढलेला, आयुष्यभर मशीनमध्ये रमलेला माणूस. गेल्या वर्षी उजव्या बाजूला पॅरालिसिसचा झटका आला. हात बऱ्यापैकी सुधारला, पाऊल मात्र ऐकेना.

पहिल्या दिवशी मी सगळ्यांना विचारते तेच त्यांनाही विचारलं... बरं झाल्यावर काय करायचंय? कोणाला जिना चढायचा असतो, कोणाला नातवंडाला उचलून घ्यायचं असतं. काका म्हणाले, "ताई, माझी एक गाडी यायचीय, इटलीहून. ती चालवायचीय."

मला वाटलं, आजारपणात असंच काहीतरी बोलतायत. तर काकू किचनमधून म्हणाल्या, "खरंय ते. आजारी पडायच्या आधीपासून बुक करून ठेवलीय. कधी येणार ते त्या कंपनीला तरी माहितीय की नाही कोण जाणे."

इथून माझी उत्सुकता चाळवली. मला वाटायचं, पैसे असले की शोरूममध्ये जायचं आणि गाडी घेऊन यायचं. तसं नसतं म्हणे! कंपनी आपल्या देशाला मोजक्याच गाड्या देते. मग नंबर लागतो. वर्ष, दोन वर्षं, कधी त्याहून जास्त... आणि तारीख विचारली तर "अंदाजे" या शब्दाच्या पुढे कोणी जात नाही. नंबर जवळ आला की रंग, सीटचं लेदर, अगदी शिलाईच्या दोऱ्याचा रंगसुद्धा ठरवून द्यायचा. एकदा ठरवलं की बदलता येत नाही. काकांनी निळा ठरवून ठेवलेला. का निळा, हे त्यांच्या घरात भिंतीवरचा निळा झेंडा बघितल्यावर विचारायची गरज नव्हती.

मला वेगळाच प्रश्न पडलेला. अशा गाडीची सीट असते किती खाली? शेवटी एक दिवस मी टेप घेऊन शोरूमला गेले. तिथला सेल्समन आधी गोंधळला, मग त्यानेच टेपचं दुसरं टोक धरलं. सीट जवळजवळ बालवाडीतल्या खुर्चीएवढी खाली! तेवढ्याच उंचीचं स्टूल सुताराकडून करून घेतलं आणि आमचा व्यायाम सुरू झाला... बसा, उठा, बसा, उठा. सुरुवातीला बसणं म्हणजे धपकन पडणंच होतं. काकू मागे उशा घेऊन उभ्या राहायच्या.

आणि उन्हाळ्याच्या तोंडावर शोरूममधून फोन आला. काकांच्या आधी नंबर असलेल्या कोणीतरी बुकिंग कॅन्सल केलं होतं, त्यामुळे त्यांचा नंबर एकदम पुढे आला होता. गाडी काही महिन्यांत येईल... पण हो की नाही ते लगेच सांगायचं.

काकांनी फोन हातात धरून माझ्याकडे बघितलं. "ताई, तोवर जमेल का? खरं सांगा."

बसणं-उठणं जमलं असतं. पण ब्रेक? पाऊल ॲक्सिलरेटरवरून उचलून झटकन ब्रेकवर न्यायला जी ताकद लागते, ती अजून नव्हती. मी म्हटलं, "काका, नाही."

ते एवढंसं "नाही" तोंडातून काढायला मला किती जड गेलं...

काकांनी फोन परत कानाला लावला. म्हणाले, "माझा नंबर पुढच्या माणसाला द्या." काकू खवळल्याच. "अहो, लोक लवकर द्या म्हणून मागे लागतात आणि तुम्ही हातातली सोडता? परत कधी नंबर येईल, आहे का भरवसा?"

"नाही भरवसा," काका म्हणाले. "पण दारात उभी करून नुसती पुसत बसायला नाही घेतली मी."

तो पुढचा माणूस ठाण्याचा निघाला. औषधांचा होलसेलवाला, चाळिशीतला. एवढ्या लवकर नंबर कसा आला, असं त्याने विचारलं तेव्हा सेल्समनने त्याला खरं कारण सांगितलं. गाडी आल्यावर त्याने स्वतःहून काकांना फोन केला, "घरी येऊ का?"

तीच ही लाल गाडी. एकदाची स्पीडब्रेकर पार करून आत आली.

काका दाराजवळ गेले. मी हात पुढे केला, तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं. उजवा पाय आधी आत... हाताने उचलावा लागला नाही. मग सावकाश खाली सीटवर. धपकन नाही! काकू तोंडाला पदर लावून उभ्या होत्या.

गाडीमालकाने त्यांना शेजारी बसवून खडकपाड्याला एक चक्कर मारून आणलं आणि काका उतरलेसुद्धा आपले आपण. त्या माणसाने विचारलं, "काका, इथे आतल्या आत थोडी चालवून बघता?"

"नको हो. ताईंनी अजून परवानगी दिली नाही," काका म्हणाले. आणि हसले.

त्यांच्या निळ्या गाडीचा अजून पत्ता नाही. शोरूमवाले तेच म्हणतात, अंदाजे... पण पावलात आता चांगली हालचाल दिसतेय.

मी "नाही" म्हटलं की बरेच पेशंट फिजिओ बदलतात, काही व्यायामच सोडतात. काका मात्र त्या फोनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ठरल्या वेळी तयार होऊन बसले होते. काका, त्यासाठी मनापासून थँक्यू.