पिसांच्या टोपीचा सरदार

कार्डिफला आमच्या खालच्या फ्लॅटमध्ये एक चिनी म्हातारे एकटेच राहत. जन्म जहाजांवर स्वयंपाक करण्यात गेलेला. ऐंशीच्या दशकात त्यांची दृष्टी गेली. शनिवारी सकाळी मी डाळभात घेऊन जायची. त्यांचा प्रश्न ठरलेला : "ऊन लागून भिंतीवरचा फोटो उडत तर नाही ना?"

कार्डिफचं ऊन ते केवढं! "जसाच्या तसा आहे," मी म्हणायची.

फोटोत पिसांची टोपी घातलेला सरदार पांढऱ्या घोड्यावर बसला होता. गाढवं हाकणाऱ्याचा हा मुलगा आधी दरोडेखोर झाला. मग चीनचा बादशहा गेला, प्रजासत्ताक आलं आणि ज्याच्या हाती बंदुका त्याचा प्रांत असे दिवस आले, तेव्हा हाही एका प्रांताचा धनी झाला. त्याने रस्ते बांधले, माणसांची मुंडकी उडवली, पाच बायका केल्या. म्हातारे हे सगळं सांगत. सरदार म्हटलं की आपल्या लोकांची छाती उगाच फुगते. मीही त्यांना पदकं, मिशा रंगवून सांगायची. भिंतीवर लावलाय म्हणजे वडीलच असणार, असं मी धरून चालले होते. अशी तीन वर्षं गेली.

एका शनिवारी ते म्हणाले, "आज माझे वडील गेले तो दिवस." मी वर धावले, फुलदाणीतली कार्नेशनची फुलं ओवली आणि फोटोला हार घातला. त्यांना वास आला. चाचपत ते भिंतीपाशी आले आणि त्यांची बोटं खिडकीकडच्या कोपऱ्यात, हारावर थांबली.

"तुम्ही माझ्या वडिलांना झाकलंत," ते शांतपणे म्हणाले.

वडील सरदाराचे मोतद्दार होते, फोटोच्या त्या कोपऱ्यात घोड्याचा लगाम धरून उभे. लढाई हरल्यावर "घोडा सांभाळ, येतोच" असं सांगून सरदार बायका घेऊन बोटीने पळाला आणि पुढे बिछान्यात सुखाने मेला. वडील धक्क्यावर घोडा धरून थांबले. शत्रूने त्यांना तिथेच गोळी घातली. त्यांचा दुसरा फोटो नव्हता.

मी हार काढला आणि पहिल्यांदाच त्या कोपऱ्यात नीट पाहिलं. ऊन तिथेच पडत होतं. सरदाराच्या मिशीचा केसन् केस शाबूत होता. मोतद्दाराच्या चेहऱ्याच्या जागी नुसता पांढरा डाग. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"कसे दिसतात?" त्यांनी विचारलं.

खोटं अगदी ओठांवर आलं होतं.

"चेहरा उडालाय," मी म्हणाले. "मी कधी बघितलंच नाही." मी फोटोच्या आणखी जवळ गेले. "हात स्पष्ट आहे. लगाम घट्ट धरलाय. अंगठा तुमच्यासारखाच, मागे वळलेला."

ते खुर्चीत बसले आणि डाळभात गार होईपर्यंत आपलाच अंगठा चाचपत राहिले.