उजवा डोळा आधी

रफूताईंच्या दुकानातून कपडा परत आला, की भोक नेमकं कुठे होतं हे त्याच्या मालकालाही सापडत नसे. अशा नजरेच्या बाईने सूर्यावरचे डाग मोजायला घेतले, यात नवल ते काय! झालं असं, की एकतीस वर्षांपूर्वी वेधशाळेतले एक साहेब कोट घेऊन आले. दुर्बिणीतून आलेल्या उन्हाने बाही जळली होती. बोलता बोलता ते म्हणाले, सूर्यावर काळे डाग असतात. साधारण अकरा वर्षांच्या फेरीत ते वाढतात, ओसरतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. ते रोज मोजायला माणसं हवी असतात.

"भोकंच मोजायची ना?" ताई म्हणाल्या. "मग आमचा दुसरा धंदा काय आहे?"

साहेबांनी एक जुनी छोटी दुर्बीण दिली. तेव्हापासून रोज सकाळी दुकान उघडण्याआधी ताई गच्चीवर. दुर्बिणीतून सूर्याकडे बघायचं नाही, डोळा कायमचा जायचा. मागे पांढरा कागद धरायचा, त्यावर बशीएवढा सूर्य उमटतो. त्यातले डाग मोजायचे आणि आकडा वेधशाळेला कळवायचा. ताईंचे यजमान निवृत्त बस कंडक्टर. ते म्हणत, "लोक उगवत्या सूर्याला नमस्कार करतात, आमची ही त्याची उणीदुणी काढते."

यंदा वेधशाळेचं पत्र आलं. तुमचे आकडे सहा महिन्यांपासून इतरांपेक्षा कमी येत आहेत. ताईंच्या तोंडचं पाणीच पळालं. डोळे तपासले, तर दोन्हीकडे मोतीबिंदू. आणि बाई ऑपरेशनला तयार होईनात! डोळा बदलला की डाग जास्त दिसणार, मग एकतीस वर्षांच्या आकड्यांशी नव्यांचा मेळ कोण बसवणार? सगळी नोंद मधोमध तुटेल, या भीतीने त्यांना घास गोड लागेना.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी तोड काढली. "एकेक डोळा करू. डावा आता. मग रोज दोन्ही डोळ्यांनी वेगवेगळं मोजा. फरक कळला की उजवा."

डावा डोळा झाला, आणि नेमका तेव्हाच सूर्य डागांचं नाव घेईना! फेरी संपत आली होती. आठवडेच्या आठवडे कागदावर कोरी बशी. नव्या डोळ्याला शून्य, जुन्यालाही शून्य. शून्याची शून्याशी काय तुलना करणार, कपाळ? उजव्या डोळ्याची तारीख तीनदा पुढे गेली. एका डोळ्याने लख्ख, दुसऱ्याने धुकं, जिन्यात एकदा ताईंचा पाय चुकला तेव्हा यजमान कडाडले, "डाग उगवेल त्याच्या मर्जीने, तू मात्र तोवर हातपाय मोडून घे!" समोरचा इस्त्रीवाला रोज रस्त्यापलीकडून ओरडे, "ताई, पडले का डाग?" आणि त्याची गिऱ्हाइकं दचकून आपापले शर्ट तपासत.

अडीच महिन्यांनी एक डाग आला. सूर्याच्या मध्यरेषेपासून चांगला दूर; नव्या फेरीचे पहिले डाग तसेच दूर उगवतात. ताई गच्चीवरून ओरडल्या. यजमान चहा सांगायला निघाले, इतक्यात ताई चेहरा पाडून खाली आल्या.

"आजचा दिवस बाद."

"आता काय झालं?"

"आनंदाच्या भरात नव्या डोळ्याने आधी पाहिलं. मग जुन्याला तो खरंच दिसला, की जागा ठाऊक होती म्हणून दिसला, कोण सांगणार?"

"अगं, पण विचारतंय कोण?"

"मी विचारतेय."

इस्त्रीवाल्याने कपाळावर हात मारून घेतला. रात्रीतून तो डागही विरून गेला. पण एकतीस वर्षांत गच्चीकडे न फिरकलेले यजमान दुसऱ्या सकाळपासून ताईंच्या मागोमाग जिना चढू लागले. त्यांच्या डाव्या डोळ्यावर आपला तळहात ठेवायचे आणि बसमधल्या आवाजात दरडावायचे, "उजवा डोळा आधी! आकडा लिही, मगच हात काढतो." असे अठरा दिवस कोरे गेले. एकोणिसाव्या सकाळी डागांचा घोळकाच आला. उजव्याला तीन, डाव्याला आठ. दुसऱ्या दिवशी चार आणि अकरा. चाळीस दिवसांचे दोन रकाने भरून ताईंनी वेधशाळेला पाठवले आणि स्वतःच्या पायांनी दवाखान्यात गेल्या.

उजवा डोळा झाल्याच्या तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. ताईंना वाचायला मनाई होती, म्हणून यजमानांनी मोठ्याने वाचलं: "दोन्ही डोळ्यांच्या आकड्यांमुळे मागची घट दुरुस्त करता आली. आपली नोंद पहिल्या दिवसापासून आजपर्यंत अखंड धरली आहे."

"परत वाचा," ताई म्हणाल्या.

त्यांनी परत वाचलं. 'अखंड' शब्दापाशी त्यांचाच आवाज चिरकला, आणि ताईंना रडू आवरेना. एवढं सुख त्यांना झेपतच नव्हतं.

"अगं, डोळ्याला पाणी लावू नका म्हणून बजावलंय ना!"

"मग असं रडवेलं वाचता कशाला?" ताई म्हणाल्या. "नीट वाचा पुन्हा एकदा."