आसरांचा मण्यार

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मधेच हसलात तर मी गोष्ट अर्धी टाकून उठेन, आणि अर्ध्या गोष्टीचा त्रास काय असतो ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. लोक देवीला नवस करतात ना? मी देवीला गिऱ्हाईक केलं!

आम्ही निमोण्याचे मण्यार. आजोबांपासून बांगड्यांचा धंदा. नदीकाठच्या सात दगडांना शेंदूर लावून बाया आसरांना हिरव्या बांगड्या वाहतात, त्या आमच्याच पेटीतल्या. आसरा म्हणजे पाण्यात राहणाऱ्या सात बहिणी. एखाद्यावर जीव जडला तर त्याला डोहात ओढून नेतात म्हणे. मी खरंखोटं कधी केलं नाही. शाळा चौथीत सोडलेला माणूस मी. जोडाक्षर दिसलं की माझी गाडी घाटात बंद पडते.

वाचायची ती आपा. माझी थोरली बहीण, रुबीना. शिरूरच्या स्टँडवरून तिनं एक जाडजूड कादंबरी आणली होती आणि रोज संध्याकाळी फुटक्या बांगड्यांच्या काचा निवडता निवडता मला वाचून दाखवायची. त्यातली मुलगी धड लहान नाही, धड मोठी नाही. एका पहाटे ती भीमेच्या डोहात उतरते. खाली सातजणी बसलेल्या. प्रत्येकजणी तिचं लहानपणातलं काहीतरी काढून घेते आणि मोठेपणातलं काहीतरी देते. पहिली तिची भीती घेते आणि पोहणं देते. तिसरी भातुकली घेते आणि गुपित ठेवायला शिकवते. सहावी तर तिचं नावच काढून घेते!

"आणि सातवी?" मी विचारलं.

आपानं पुस्तक मिटलं. "सातवी तू वाचायची. मला ऐकवायची."

"उद्या."

उद्या-उद्या करत पावसाळा आला. आपाला ताप आला. आणि मग... चहा घ्या हो, गार होतोय.

त्यानंतर मी ते पुस्तक उघडलं नाही. पण ती मुलगी डोक्यातून जाईना. काचा निवडताना, गाडी चालवताना, जेवताना सारखं वाटायचं, ती अजून खालीच आहे. वर येणार की नाही? नाव नसलेल्या पोरीला हाक तरी काय मारायची? कुणाकडून वाचून घ्यावं, तर दुसऱ्याच्या तोंडून ती गोष्ट ऐकायची माझी तयारी नव्हती.

पुस्तकातलं एक मात्र पक्कं लक्षात होतं. दाट धुक्याच्या पहाटे सातजणी काठावर येतात. त्यांना जो बांगड्या भरेल, त्याच्या एका प्रश्नाचं धाकटी खरं उत्तर देते.

आता सांगा, हे माझ्यासाठीच लिहिलेलं नव्हतं का? बांगड्या! अहो, अख्ख्या तालुक्यात माझ्याइतका लायक माणूस कोण?

थंडीत एका पहाटे दार उघडलं, तर समोरची चिंच गायब. असलं धुकं! अम्मी म्हणाली, "आज बाजार कुठला रे?" मी म्हणालो, "राहूचा," आणि किक मारली. राहूचा बाजार त्या दिवशी नव्हताच. मागं बांगड्यांची पेटी, पोटाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत पुस्तक.

राहूच्या अलीकडं नदीकाठी सात दगड आहेत, तिथं जाऊन बसलो. पाणी आणि आभाळ एकच झालं होतं. उसाचे तुरे नुसतेच हवेत तरंगत होते, खाली ऊस नसल्यासारखे. पाटसच्या साखर कारखान्याकडून मळीचा गोडसर वास येत होता. मी जागा आहे की झोपेत, मलाच कळेना.

आणि धुक्यातून त्या आल्या. एकामागं एक. मोजल्या. सात!

मी सपशेल लोटांगण घातलं. "या आसरामाय! बसा!"

"आगं बया! कोन हाय हे?" पुढची थबकली.

"मी मण्यार. बांगड्या भरायला आलोय. पैसे नकोत."

फुकटच्या बांगड्या म्हटल्यावर देवी काय अन् माणूस काय! हंडे खाली ठेवून सगळ्या गोल बसल्या. थोरलीनं हात पुढं केला. हाताला घट्टे, मनगटावर बारीक चिरा. मनात म्हटलं, बघा, पाण्याखालीसुद्धा बाईला काम सुटलेलं नाही.

"लांबून आलात?" मी विचारलं.

"लई लांबून. सहा म्हयने हिकडं, सहा म्हयने तिकडं."

पुस्तकात हेच होतं!

"घर?"

"आमचं कसलं घर, लेकरा? पानी दिसलं की तिथंच ऱ्हायाचं."

हेही होतं! माझ्या हातून दोन बांगड्या फुटल्या.

"बिगी बिगी भर," तिसरी म्हणाली. "वर आमचा भाऊ हाय. त्यो आला की निघाया लागंल."

मी भराभर बांगड्या चढवायला लागलो. पुस्तकातल्या सातजणींचा भाऊ रेड्यावर बसून येतो, आणि तो आला की त्या पाण्यात परत जातात. सहाजणींच्या भरून झाल्या. सातवी जेमतेम सोळाची. तिचं मनगट धरलं आणि अडखळलो. सव्वादोन. आपाचं माप.

"विचारू का?" मी म्हणालो.

"काय?"

"ती परत येणार का?"

"कोन ती?"

तेवढ्यात धुक्यात घुरघुर झाली. दोन पिवळे डोळे पेटले. रेडा! बाया भराभरा उठल्या. आता या जाणार, आणि माझा प्रश्न पुन्हा उद्यावर! मला आणखी एक 'उद्या' नको होता. पुस्तक काठावर टाकलं, डोळे मिटले आणि डोहात उडी मारली!

आत सगळं गार, हिरवं, शांत. पोहता येत नाही, तरी भीती वाटेना. म्हटलं, पोहोचलो. आता आपा हाक मारेल.

हाक आली.

"उभा ऱ्हा की, मुडद्या! गुडघाभर पानी हाय!"

थोरलीनं केसाला धरून उभं केलं. खरंच गुडघाभर! पलीकडून एक शेळी माझ्याकडं बघत चालत चालली होती. काठावर ट्रॅक्टर उभा. भाऊ म्हणजे थोरलीचा सख्खा भाऊ आणि ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम. आणि माझ्या सात आसरा बीडकडून ऊस तोडायला आलेल्या बाया, पाण्याला आलेल्या.

मग मी रडलो. भिजलेलाच होतो, त्यामुळं फारसं कळलं नसावं. आपाचं सगळं सांगितलं. कुणी हसलं नाही. थोरलीनं पदरानं माझं डोकं पुसलं. धाकटीनं पिशवीतून पुस्तक काढलं. "म्या वाचू? धाव्वीपत्तूर शिकलेय."

"नको," मी म्हणालो. "मी वाचतो. जोडाक्षरं तेवढी तू सांग."

धुकं फाटत होतं. मी बोट ठेवून निघालो. एका ओळीला एक घाट. बाया हंड्यांवर हात टेकून ऐकत होत्या.

"आरं, कामाला चला!" मुकादम ओरडला.

"थांब की दादा," थोरली म्हणाली. "पोरगी आजून पान्यात हाय!"

"आं? कोन पोरगी?" मुकादमानं धोतर सावरलं, धावत काठावर आला आणि टोळीतली डोकी मोजायला लागला!

सातवी त्या मुलीकडून काहीच घेत नाही. फक्त म्हणते, जा. मुलगी वर येते, पण इतकी मोठी होऊन, की काठावर वाट बघत बसलेला तिचा भाऊ तिला ओळखत नाही. ती त्याच्या शेजारी बसते. ओळखेपर्यंत बसून राहते. संपलं.

मुकादमसुद्धा खाली बसला होता.

म्हणजे बघा, बारा-पंधरा पानं वाचायची टाळायला माणसानं भीमेत उडी मारली! याला काय म्हणाल?

पुढच्या बाजाराला धाकटी माझ्या पेटीपुढं उभी. हातात सव्वादोनच्या बांगड्या, एकही फुटली नव्हती.

"काय रं मण्यारा, पवायला शिकलास का?"

"न्हाई. वाचायला शिकतोय."

"किती आलं?"

"गुडघ्याइतकं."