वऱ्हाडाच्या ट्रकचा फाळका

निजामी जाऊन चार-दोन वर्षं झाली असतील. माझं लग्न वालूरला, आमच्याच दारात. वऱ्हाड जिंतूरहून कापसाच्या गाठी वाहणाऱ्या ट्रकमधून आलं. सासूबाईंनी आधीच निरोप धाडला होता, "पायघड्या हातरल्याबगर मी खाली पाय ठेवणार न्हाई." आत्यानं मुकाट्यानं पायघड्या अंथरल्या.

ट्रकची पाठ मांडवाकडं यावी म्हणून ड्रायव्हर तो मागं घ्यायला लागला. नवरदेवाचे मामा मागं उभे राहून हात हलवत होते, "येऊ द्या, येऊ द्या!" तेवढ्यात माझ्या काकांनी अत्तरदाणी पुढं केली. मामांनी एक मनगट तिकडं धरलं, मानही वळवली. दुसरा हात मात्र हलतच राहिला. ट्रक धाडकन पिंपळाच्या पारावर आदळला. मागचा लाल दिवा फुटला आणि उतरायला उघडायचा मागचा फाळका असा चेपला की त्याच्या कड्या निघेचनात.

"आंधळा हायेस का रं?" मामा ड्रायव्हरवर ओरडले.

"हात तो आपहीच हिला रहे थे, मामू!"

नवरदेव पुढं ड्रायव्हरशेजारी बसलेला, म्हणून तो कधीच उतरला होता. वर अडकलेल्या आईकडं बघत, बाशिंग सावरत उभा. मी खिडकीतून बघत होते. हसू दाबता दाबता माझ्या मुंडावळ्या हलायला लागल्या.

आत्या ट्रकपाशी जाऊन उभी राहिली. "उतरा की इहीणबाई. पायघड्या हातरल्यात."

"उतरू कशी? फाळका निघंना!"

"मंग बसा निवांत. न्हाईतर पोरीला दर पंचमीला म्हायेरी धाडते म्हना, शिडी आणते."

"लय गुणाची हायेस गं तू!"

"धाडता का?"

उन्हानं सासूबाईंचा चेहरा लाल झाला होता. "धाडते बाई, धाडते!"

शिडी आली, तर ती बघून सासूबाई तडकल्या, "आमी काय चोर हाव?" मग बैलगाडी ट्रकला लावायची ठरली. मामा हात वर करून पुढं आले, तशा वरच्या साऱ्या बाया एका सुरात ओरडल्या, "तुमी नका!"

गाडीवर पाय देऊन सासूबाई उतरल्या आणि पायघड्यांवरून तोऱ्यात मांडवात गेल्या. लग्न वेळेवर लागलं. पंचमीचा शब्दही त्यांनी पाळला, कुरकुरत का होईना.

कड्या तोडून मोकळा केलेला फाळका परतताना दोरखंडानं बांधला होता. मला पुढं, नवऱ्याशेजारी बसवलं. गावाबाहेर खड्ड्यात ट्रक उसळला, तसा तो आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी बोलला:

"जरा मागं बघ बरं, आई हाय का?"