कवठ्याचा रूट

कमांड टाइप करून झाली की आप्पा दोन्ही हात काखेत घालून बसायचे. एंटर दाबायचे नाहीत. चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढून स्क्रीनवरची ओळ मोठ्याने वाचायचे. एकेक आकडा, एकेक टिंब, लग्नपत्रिकेतली नावं वाचावीत तशी. वाचून झाली की पुन्हा एकदा. मग उजवा हात बाहेर यायचा, एका बोटाने एंटर दाबायचा आणि परत काखेत जायचा. पहिल्या दिवशी हे पाहून मला हसू आवरलं नव्हतं. मी दहा बोटांनी टाइप करणारा, पुण्याहून इंजिनिअर होऊन आलेला माणूस. विचारलं तर म्हणाले, "हात मोकळा असला का त्यो डोक्याच्या आधी पळतोय, सायेब."

आमची डेअरी खासगी, मुख्य ऑफिस दौंडला. शिरूर तालुक्यातल्या गावांत तिची दूध संकलन केंद्रं होती. प्रत्येक केंद्रावर दूध थंड ठेवणारी मोठी टाकी आणि शेजारी भिंतीवर राउटरचा डबा. टाकीचं तापमान त्या डब्यातून दौंडच्या स्क्रीनवर यायचं. टाकी तापायला लागली की आमच्याकडे भोंगा वाजायचा आणि आम्ही केंद्रचालकाला फोन करायचो. कुठल्या पत्त्याचा निरोप कुठल्या वाटेने धाडायचा हे त्या डब्याला सांगून ठेवावं लागतं. त्यालाच रूट म्हणायचं, आणि ते काळ्या स्क्रीनवर कमांड लिहून सांगायचं. नेटवर्कचा अधिकारी मी. आप्पा न्हावऱ्याचे, आयुष्यभर टेलिफोनच्या खांबांवर चढउतार करून पन्नाशीनंतर आमच्याकडे कंत्राटावर आलेले. कागदावर मी साहेब आणि ते मदतनीस होते. प्रत्यक्षात उलटं होतं, हे ऑफिसच्या शिपायालाही ठाऊक होतं.

एरर आली की मी चिडायचो, आणि आप्पा खूश व्हायचे. "बोललं एकदाचं! मुकं बसलं असतं तर काय केलं असतं?" एरर ही त्यांच्या लेखी शिवी नव्हती, पेशंटने दुखतं कुठे ते सांगावं तसं काहीतरी होतं. न्हावऱ्याच्या डब्याला मी एकदा रूट द्यायला गेलो, तर ‘नेटवर्क इज अनरिचेबल’. तीनदा तीच कमांड, तीनदा तेच उत्तर. चौथ्यांदा मी आणखी जोरात एंटर दाबला. आप्पा मागून म्हणाले, "न्हावऱ्यातनं शिरूरला जायचंय, आन् गाडी कुठं धरायची तर म्हणं सोलापुरात! आधी सोलापूरला पोचायचं कसं ते सांगा की त्याला." पुढच्या टप्प्याचा जो पत्ता मी दिला होता, तिथवर तो डबा मुळात पोचतच नव्हता. एक आकडा बदलला आणि रूट बसला. पूर्ण अधिकार नसलेल्या लॉगिनने शिरल्यामुळे ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ आलं तेव्हा तर त्यांना हसून ठसका लागला. "तुम्ही सायेब हाय हे कळलंय त्याला, पर त्याला मालक पायजे."

कुठल्याही डब्याला हात लावण्याआधी त्यांचे दोन नेम होते. पहिला वहीचा. आधीचे सगळे रूट शंभर पानी वहीत उतरवायचे आणि खाली लिहायचं : काय बदललं, कशासाठी, कुणाच्या सांगण्यावरून. दुसरा नेम मला निव्वळ म्हातारपणाचा वाटायचा. दौंडला बसून लांबच्या डब्यावर काम करायचं असेल, तर आप्पा आधी त्या डब्याला हुकूम देत : दहा मिनिटांनी आपोआप बंद होऊन पुन्हा चालू हो. कमांडने केलेला बदल बंद-चालू केल्यावर पुसला जातो आणि जुने, फाइलमध्ये लिहून ठेवलेले रूट परत येतात. बदल नीट बसला तर तो हुकूम रद्द करायचा; चुकला आणि लाइन तुटली, तर दहा मिनिटं चहा पीत बसायचं. "विहिरीत उतरायच्या आधी दोर बांधावा," ते म्हणायचे. मला पोहता येतं, असं मी एकदा ऐटीत म्हणालो होतो.

कवठे येमाईचं केंद्र आप्पांच्या विशेष जिव्हाळ्याचं. धाकटी बहीण सुमन तिथे दिलेली, आणि केंद्र चालवायचे तिचेच यजमान. गावात सगळे त्यांना नावाने हाक मारत, आम्ही आप्पांच्या नात्याने दाजी म्हणायचो. डब्याला काही झालेलं नसलं तरी आप्पा महिन्यातून एकदा कवठ्याचा दौरा काढायचे, आणि मलाही न्यायचे. सुमनताई पिठलं-भाकरी करायच्या. गावातली माणसं दूध घालायला आली की दाजी अभिमानाने सांगायचे, "आमच्या पाव्हण्याच्या हातात हाय ही लाइन. कवा तुटायची न्हाई."

ती मी तोडली.

चैत्रातला शनिवार होता. शिरूरला आप्पांच्या भावकीतलं लग्न. आप्पा तिथे आणि दाजी-सुमनताईही तिथेच. कवठ्याचं केंद्र सकाळचं संकलन आटोपून कुलूपबंद, टाकीत सकाळचं दूध, संध्याकाळी टँकर येणार. दौंडला मी एकटा. कवठ्याच्या डब्याला दौंडच्याच नव्या सर्व्हरचा रूट द्यायचा होता. सोमवारी आप्पांबरोबर केलं असतं तरी चाललं असतं, पण मला ते एकट्याने करून दाखवायचं होतं. माझं स्वतःचं लॉगिन त्या डब्यावर तयार करायचा मी आळस केलेला, म्हणून आप्पांच्याच लॉगिनने आत शिरलो. वही उघडली नाही. दोर तर नाहीच. कमांड दिली आणि उत्तर आलं, ‘फाइल एक्झिस्ट्स’.

या एररचा अर्थ आप्पांनी मला कितीदा सांगितला असेल! "आधीच कुणीतरी बसलंय त्या जागेवर. उठवायच्या आधी इचारा, कोण हाय." मी विचारलं नाही. असलेला रूट काढून टाकतो आणि नवा घालतो, एवढाच हिशेब. काढायची कमांड दिली आणि स्क्रीन गोठली. मी उठवला होता तो कवठ्याहून दौंडला येण्याचा रूट. ज्या वाटेने मी आत गेलो होतो, तीच मी आतून मिटवली होती. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात ते काय उगीच नव्हे.

इथवरची चूक कुणाच्याही हातून होते. आप्पांना फोन केला असता तर ते हसले असते, आणि दाजींनी कुणालातरी किल्ली देऊन डबा बंद-चालू करून घेतला असता. मी फोन केला नाही. भरलग्नात आप्पांसमोर नाक कापून घ्यायचं माझ्या जिवावर आलं. तापमानाच्या स्क्रीनवर कवठ्यापुढे हिरव्या अक्षरांत चार अंश दिसत होते. मी स्वतःला म्हटलं, टाकी गार आहे, संध्याकाळी केंद्र उघडलं की गुपचूप बघू. ते चार अंश लाइन तुटण्याआधीचे होते, हे मला समजायला हवं होतं. खरं सांगायचं तर समजलंही होतं. दुपारी कवठ्यात टाकीच्या कॉम्प्रेसरची वीज गेली. भोंगा वाजला नाही, कारण निरोप यायला वाटच नव्हती.

संध्याकाळी दाजींनी कुलूप काढलं तेव्हा दूध नासलं होतं. गाव किटल्या घेऊन दारात उभं, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत सगळी टाकी खड्ड्यात सोडावी लागली. डबा बंद-चालू करून लाइन परत आली, आणि ती कुणी तोडली होती ते रविवारी दौंडच्या ऑफिसने डब्याची नोंद बघून कळवलं. नोंदीत आप्पांचं नाव होतं. आप्पा अधूनमधून मोबाइलवरून काम करायचे, हे सगळ्यांना माहीत. लग्नात बसून फोनवर काहीतरी खुडबूड केली, असं गावाने धरलं. बायकोचा भाऊ म्हणून ज्याची इतकी वर्षं फुशारकी मारली, त्याने गावापुढे मान खाली घालायला लावली, म्हणून दाजी पेटले. "पुन्हा माझ्या उंबऱ्याला पाय लावू नका," असं ते लग्नघरातून कवठ्याला आलेल्या आप्पांना चारचौघांत म्हणाले.

सोमवारी मॅनेजरांनी आम्हा दोघांना बोलावलं. आप्पा मांडीवर वही घेऊन बसले होते. त्या वहीत शनिवारची नोंद नव्हती, आणि नोंदीशिवाय आप्पा कशालाच हात लावत नाहीत, हे उघडून दाखवायला त्यांना अर्धं मिनिट पुरलं असतं. त्यांनी वही उघडली नाही. मॅनेजरांनी मला विचारलं, "तुमचं काय मत?" मी म्हणालो, "बघावं लागेल." दोन शब्द. आप्पांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मॅनेजरांना म्हणाले, "नाव माझंच हाय, सायेब." महिनाअखेरीला त्यांचं कंत्राट पुढे वाढवलं नाही. जाताना त्यांनी वही माझ्या टेबलावर ठेवली आणि मला हात जोडले. मला आजही तो नमस्कार आठवला की कुठे तोंड लपवू असं होतं.

त्यानंतर तिसऱ्या वर्षी, नवरात्रात, न्हावऱ्याच्या केंद्रावर काम निघालं आणि मी धीर करून आप्पांच्या शेतावर गेलो. कांद्याच्या रोपात बसले होते. वाळलेले दिसले. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. त्यांनी हातातलं खुरपं खाली ठेवलं.

"तवाच ठाऊक हुतं मला. वहीत न्हवतं, म्हंजी मी न्हाई. मी न्हाई, म्हंजी तुम्ही. तिसरं कोण हाय तिथं?"

"मग बोलला का नाहीत, आप्पा?"

"म्हटलं, तुम्हीच बोलाल. वाट बघितली." हाताची माती झटकत ते म्हणाले, "नोकरीचं काय न्हाई ओ. पर दोन भाऊबिजा झाल्या, सुमनच्या दारात गेलो न्हाई. मी सांगाया गेलो तर म्हणतील, दुसऱ्यावर ढकलतोय. तुम्ही जाऊन दाजीस्नी तेवढं सांगाल का?"

मी म्हणालो, "दिवाळीच्या आत जाऊन येतो." अगदी मनापासून म्हणालो. त्यांनी मला घरी नेलं, चहा पाजला, निघताना रस्त्यापर्यंत सोडायला आले.

मग दिवाळी आली. डेअरीत दिवाळी म्हणजे श्वास घ्यायला फुरसत नसते, असं मी स्वतःला सांगितलं. दौंडहून कवठे काही परमुलखात नाही. मोटरसायकलवर सकाळी निघून दुपारी परत येता येतं. मला दाजींची भीती वाटत होती, एवढंच खरं. दिवाळीनंतर जाऊ, असं ठरवलं. मार्गशीर्षात न्हावऱ्याहून फोन आला, आप्पा गेले. सकाळी रोपांना पाणी देताना छातीत कळ आली, दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत.

दशक्रियेला गेलो. आपल्याकडच्या रीतीप्रमाणे माइक होता, आणि एकामागून एक माणसं उठून श्रद्धांजली वाहत होती. कुणी सोसायटीचे, कुणी ग्रामपंचायतीचे. सगळ्यांनी आप्पांच्या स्वभावाचं कौतुक केलं. कवठ्याची माणसं मागे बसली होती, त्यांच्यात दाजी. माझं नाव कुणी पुकारलं नव्हतं. मी आपणहून उठलो, माइक धरला आणि त्या शनिवारची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. रूट, एरर असलं काही घोळवलं नाही. म्हणालो, लाइन मी तोडली, दूध माझ्यामुळे नासलं, आप्पांचा त्यात काडीचाही दोष नव्हता, आणि हे तुम्हाला येऊन सांगा असं त्यांनीच मला सांगितलं होतं. दाजींनी टोपी काढून तोंडावर धरली.

लोक पांगायला लागल्यावर सुमनताई बायकांमधून उठून माझ्याकडे आल्या. शिव्या देतील असं वाटलं होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. डोळे कोरडे, आवाज अगदी हळू.

"सायेब, हे येऊन सांगा म्हणून दादा तुम्हाला कवा बोलला?"

"नवरात्रात," मी म्हणालो.



"म्हंजी भाऊबिजेच्या आधी."

मी हो म्हणालो.