बाबांचा हात आणि बागेतलं चाक

बाबांच्या पायजाम्याची नाडी बांधायचं काम माझ्याकडे आलं, त्याला आता दोन वर्षं होतील. नाडी बांधताना ते डोळे मिटून घेतात. मी पडले लेक, आणि आई जाऊन खूप वर्षं झाली. मी गाठ मारते, "झालं" म्हणते, मग ते डोळे उघडतात. मी घरी ब्लाऊज शिवते, पायजाम्याला इलास्टिक लावणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ. पण एकदा तसं विचारलं तर चिडले. "इलास्टिक लहान लेकरायच्या चड्डीले राह्यते. माहा हात येऊ दे, मीच बांधीन." त्या हाताकडून त्यांना एवढंच पाहिजे होतं, दुसरं काही नाही.

बाबा बसचे ड्रायव्हर. उभी हयात गाडीवर गेली. रिटायर झाले आणि एके दिवशी सकाळी चहाचा कप हातातून सुटला. लकवा. उजवी बाजू गेली. पाय दोन महिन्यांत फरफटत का होईना चालू लागला, बोलणंही परत आलं. हात तेवढा आला नाही. शिवायला टाकलेल्या शर्टाची बाही लोंबावी तसा लोंबत राहिला.

दवाखान्यातून सोडताना तिथल्या ताईंनी व्यायाम शिकवला होता. बाबांना झोपवायचं, हात खालून धरायचा, हळूहळू हलवायचा, फार वर न्यायचा नाही, ओढायचा तर मुळीच नाही. आठ दिवस मी केला. मग मला वैताग आला. खोटं कशाला सांगू, मला ते थोतांडच वाटलं. लेकराला तेल लावल्यासारखं कुरवाळून कुठं हात येते काय? माझा स्वभाव असा, मला कोणतंही काम घाम निघाल्याशिवाय झाल्यासारखं वाटत नाही.

मेहकरात आमच्या घरापासून बाग पाच मिनिटांवर. सकाळी तिथं साडीवर बूट घालून फेऱ्या मारणाऱ्या बाया, पोलीस भरतीसाठी धावणाऱ्या पोरी, टाळ्या वाजवत मोठ्यानं हसणारे म्हातारे, सगळं असतं. एका कोपऱ्यात निळी-पिवळी ओपन जिम आहे. बाबांना चालवायला म्हणून मी तिकडे न्यायला लागले, तेव्हा तिथं आम्हाला फळाच्या गाडीवाले चाचा भेटले. त्यांच्या गाडीवरून बाबा कायम केळी घ्यायचे, म्हणून ओळख जुनी. चाचांनी बाबांचा हात पाहिला आणि म्हणाले, "माह्यावालं बी असंच झालं होतं, बेटी. हे चाक फिरवलं रोज, अल्ला कसम, तीन महिन्यात हात आला. हाताले काम लावा, हात येते."

चाक म्हणजे खांबाला बसवलेलं लोखंडी गोल चक्र, खांद्याच्या उंचीवर. मूठ धरून गोल गोल फिरवायचं. बाबांची मूठच वळत नव्हती, तर मी दुसऱ्या दिवशी अस्तराच्या कापडाची पट्टी घेऊन गेले आणि त्यांचा उजवा हात चाकाच्या दांडीला बांधून टाकला. दुसऱ्या बाजूनं चाक मी फिरवायची. हात वर जायचा, खाली यायचा, पुन्हा वर जायचा. बाबा त्या हाताकडे टक लावून पाहायचे. इतक्या महिन्यांनी तो डोक्याच्या वर गेलेला त्यांनी पहिल्यांदा पाहिला होता.

बागेतल्या लोकांना तर चेष्टेला विषयच मिळाला. "काय ड्रायव्हर सायेब, आज गाडी कुठं?" कोणीतरी विचारायचं. बाबा म्हणायचे, "खामगाव, जानेफळ मार्गे. बसा लवकर, सुटून राह्यली." आजारपणानंतर ते पहिल्यांदा मोकळेपणानं बोलायला लागले ते त्या चाकापाशी. घरी आल्यावरही म्हणायचे, उद्या लवकर उठव, गर्दी होते मंग. मी मनात म्हटलं, आलीच आता गाडी रुळावर.

दोन महिने झाले असतील. चाक फिरवता फिरवता बाबांनी एकदम "थांब थांब" केलं. मी घाबरून पट्टी सोडली. त्यांना बाकावर बसवलं. ते खांद्याला डावा हात लावून बसले आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "पोरी, दुखून राह्यलं."

"कुठं?"

"इथं, खांद्यात. लय दुखून राह्यलं."

आणि आम्ही दोघं हसायला लागलो. वेड्यासारखे हसलो हो! पाय बधिर झाला की जीव येताना आधी मुंग्या येतात, कळ येते, हे कोणाला माहीत नाही? इतके महिने ज्या हाताला चिमटा काढला तरी पत्ता नव्हता, तो दुखत होता. चाचा पळत आले. "दुखते? मंग जान आली समजा," ते म्हणाले आणि त्यांनी डोळे पुसले. मी जाऊन पेढे आणले. अख्ख्या बागेत वाटले, त्या धावणाऱ्या पोरींनाही थांबवून दिले. बाबा म्हणाले, "पुन्हा बांध. अजून दहा फेरे होऊ दे."

त्यानंतर आमचं रोजचं बोलणं हेच. "कालच्यापेक्षा जास्त दुखते का?" मी विचारायची. "हाव, लय जास्त," ते सांगायचे आणि मला बरं वाटायचं. त्यांच्या तोंडावर घाम यायचा, ओठ दाबून धरायचे, आणि मी फिरवत राहायची. खांद्याच्या हाडाखाली बोट बसेल एवढा खड्डा पडला होता. मला वाटलं, वाळले आहेत, होईल भरून. पेढे वाटणारी मीच, चाक फिरवणारीही मीच.

मग एका सकाळी शर्ट घालताना मी हात उचलला आणि बाबा ओरडले. बसच्या दाराला हात चेंगरलेला माणूस ओरडतो तसे. पंजा सुजून चकचकीत झाला होता. बुलढाण्याला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी फोटो काढला, खांदा चाचपला आणि काय व्यायाम करता ते विचारलं. मी सगळं सांगितलं, थोडं तोऱ्यातच सांगितलं.

मग डॉक्टर म्हणाले, "ताई, या हातात ताकद नाही. खांद्याला धरून ठेवायला काहीच नाही. ओढून ओढून सांधा खोबणीतून खाली उतरलाय. हे दुखणं त्याचं आहे."

मी विचारलं, "म्हणजे जीव नाही आला?"

"नाही."

"येईन ना पण?"

ते बाबांकडे बघून बोलले नाहीत, माझ्याकडेच बघून बोलले. इतके महिने गेल्यावर आता येईल असं वाटत नाही, चाक बंद करा, गळ्यात झोळी बांधून तीत हात ठेवा, दुखणं थांबेल. बाबा तिथंच बसले होते. सगळं ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी मी बागेत जाऊन चाचांना वाटेल ते बोलले. भर बागेत, सगळ्यांसमोर. "तुमचा हात आपोआप आला असंन, अन् तुम्ही गावाले डॉक्टरकी शिकवत फिरता!" ते मान खाली घालून उभे राहिले. मला माहीत होतं की दवाखान्यातल्या त्या ताईंनी ओढू नका म्हणून मला बजावलं होतं, चाचांना नाही. तरी मी बोलत राहिले. अजून त्यांची माफी मागायचं माझ्यानं झालं नाही. ते आता बागेत येत नाहीत.

आम्ही जातो. पायासाठी चालणं भाग आहे. झोळी आणि गोळ्यांनी महिना दीड महिन्यात सूज उतरली, दुखणं कमी होत गेलं आणि एके दिवशी शर्ट घालताना बाबांनी हूं का चूं केलं नाही. मला तेवढंच हायसं वाटलं. म्हटलं, निदान हाल तरी संपले.

त्याच सकाळी बागेत बाकावर बसलो होतो. बाबा म्हणाले, "पोरी, खांदा दाब जरा."

"काऊन? दुखते का?"

"दुखत नाही, म्हणून म्हणतो. दाब."

मी हलकेच दाबलं. त्यांनी मान हलवली. "जोरानं दाब." मी जोरानं दाबलं. "अजून." मी उभी राहिले, दोन्ही अंगठे त्या खड्ड्यात रोवले आणि होता नव्हता तेवढा जीव लावून दाबलं, माझे अंगठे पांढरे पडले. बाबा समोर पाहत होते. मला त्यांनी ओरडायला पाहिजे होतं. देवा, एकदा तरी ओरडायला पाहिजे होतं.

"दुखलं का, बाबा?"

"नाही," ते म्हणाले. "दुखत होतं तेच बरं होतं."