गावित मॅडमचा शांत वर्ग

सरिता गावित सुरगाण्याच्या डोंगरातली. तिच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली ती पहिलीच. १९९७ साली नाशिकच्या एका कॉलेजात तिला भूगोल शिकवायची नोकरी लागली, तेव्हा वडिलांनी, मंगळूंनी, पाड्यावर घरोघरी गूळ वाटला.

पहिल्या तासाला ती घाटमाथा शिकवत होती. उदाहरण आपल्याच गावचं घेतलं. "इकडचं पानी समुद्राला जातं, तिकडचं गोदावरीला..."

'पानी' ऐकून मागच्या बाकावर कुणीतरी खिदळलं. मग अख्खा वर्ग हसला. सरितानं तास तिथंच आटोपला.

विभागप्रमुख पगार सर तसे भले माणूस. म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका, मॅडम. पुस्तकातून नोट्स काढा, लिहून घ्यायला सांगा. पोरं खाली मान घालून लिहितात, हसायला सवड मिळत नाही."

तिनं तसंच केलं. वर्ग गप्प झाला, निकालही चांगले लागू लागले. स्टाफरूममध्ये फ्लॅटच्या, मुलांच्या शाळांच्या गप्पा चालत. तिथं ओशाळल्यासारखं होई, म्हणून डबा ती नकाशांच्या खोलीत एकटीच खायची. सुट्टीत घरी गेली की आई म्हणे, "तू पाहुनीवानी बोलाया लागलीस."

आठ-नऊ वर्षं अशीच गेली. मग एका तासाला सुरगाण्याशेजारच्या पेठ तालुक्यातली तृप्ती भोये उभी राहिली. "मॅडम, ह्यो नकाशा मला नाय समजला."

कुणी हसायच्या आत सरिता घाईघाईनं म्हणाली, "आधी नीट मराठीत विचार."

तिला पोरीला वाचवायचं होतं. तृप्ती खाली बसली. दिवाळीनंतर ती आलीच नाही.

घरचे निफाडला द्राक्षबागेत मजुरीला गेलेत, असं कळलं. रविवारी सरिता तिथं पोचली. तृप्ती आईशेजारी कात्रीनं घडातले जादा मणी छाटत होती.

"चल, परीक्षा तरी दे. माझ्याकडं राहा."

तृप्तीची कात्री थांबली नाही. "तुम्ही आमच्याकडल्याच ना, मॅडम? वाटलं व्हतं, तुमाला तरी समजंल."

"चुकलं माझं," सरिता म्हणाली.

"मुकादम येतोय. जावा तुम्ही," म्हणत तृप्ती पुढच्या वेलीकडे सरकली.

ती परीक्षेला बसली नाही. पगार सर निवृत्त झाल्यावर सरिता विभागप्रमुख झाली. आता नोट्स सांगून झाल्या की ती वही मिटते आणि विचारते, "कुणाला काही विचारायचंय? कसंही विचारा." मुलं एकमेकांकडे बघतात. कुणी हात वर करत नाही.